मांजराच्या केसाला नको, शीच्या ट्रेला घाबरा
(वाचक विचारतात, प्राण्यांचे डॉक्टर उत्तर देतात)

प्रश्न: सून चार महिन्यांची गरोदर आहे, घरात दोन वर्षांची मांजर आहे. विहीणबाई म्हणतात, केस पोटात गेला तर बाळाला धोका, मांजर लांब कुठेतरी सोडून या. सून रडतेय. काय करू? – एक सासूबाई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: सुनेच्या मांजरासाठी सासूबाई पत्र लिहितायत, वाचूनच बरं वाटलं! मांजर कुठं सोडू नका. केसाची भीती उगाच घातलेली आहे, कुणाला दमा-ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. गरोदर बाईला जपायचं ते टॉक्सोप्लाझ्मापासून, आणि तो जंतू केसात नाही, शीत असतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे तो शीतून बाहेर पडतो, पण पडल्या पडल्या लागत नाही, लागण्याजोगा व्हायला त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, शिळा ठेवायचाच नाही, आणि हे काम सुनेनं नाही, मुलानं करायचं (तेवढं तरी करू द्या त्याला). तिलाच करायची वेळ आली तर हातमोजे आणि नंतर साबणानं हात. मांजर घराबाहेर जात नसेल, उंदीर मारत नसेल, कच्चं मटण खात नसेल तर तिला लागण व्हायची शक्यता तशीही कमी.

आता विहीणबाईंना एक सांगा, हाच जंतू अर्धकच्च्या मटणातून आणि नीट न धुतलेल्या भाजीतूनही येतो. कोथिंबीर, मेथी बाजारातून आणली की माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा, कुंड्यांची माती सुनेला उघड्या हातानं उकरू देऊ नका. शंका वाटलीच तर तिच्या डॉक्टरांना विचारा, रक्ताची तपासणी होते.

प्रश्न: पंचवटीत आमच्या गल्लीतलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू मुलाला खेळता खेळता चावलं, थोडं रक्त आलं. आजीनं तिखट भरलं. पिल्लूच आहे म्हणून इंजेक्शन घेतलं नाही, दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवतोय. बरोबर ना?

उत्तर: नाही, अजिबात बरोबर नाही, अंक हातातून ठेवा आणि मुलाला घेऊन आजच सिव्हिलला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. उशीर झाला तरी जा. पिल्लालाही रेबीज होतो, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस दिलेलीच नसते कारण ती साधारण तीन महिन्यांनंतर देतात. दहा दिवस लक्ष ठेवायचं म्हणजे लस थांबवून वाट बघायची असं नाही हो, लस चालू करायची आणि लक्षही ठेवायचं. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, म्हणून यात मी जरा कडक बोलतो.

रक्त आलंय म्हणजे नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडी) पण भरावं लागतं, तिथं आठवणीनं विचारा. लस दंडात कातडीत देतात, ० (म्हणजे पहिली लस घ्याल तो दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, आजीला तीच भीती असणार. आणि तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही, चावल्याबरोबर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं म्हणजे किती हे धुताना कळत नाही, दोन मिनिटांतच झालं असं वाटतं.

प्रश्न: पर्शियन मांजराचं पिल्लू आणल्यापासून आम्हा तिघांना गोल चट्टे उठलेत, खूप खाजतं. मेडिकलमधनं ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं, आता डबल झालं. – सिडको

उत्तर: पिल्लाचे कान आणि नाकाच्या बाजूचा भाग उजेडात बघा, केस गळून खवले दिसतायत का? असतील तर हा गजकर्ण तिकडनंच आला असणार. (कधी कधी मांजराच्या अंगावर काहीच दिसत नाही आणि तरी ते घरभर वाटत फिरतं.) ट्यूबचं म्हणाल तर मेडिकलमधल्या बऱ्याच मिक्स ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी खाली पसरत जाते, ती बंद करून स्किनच्या डॉक्टरांकडे जा. पिल्लाचा इलाज त्याच वेळी झाला पाहिजे, तुम्ही बरे आणि ते तसंच असं झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गळलेल्या केसांवर बुरशी महिनोन् महिने टिकते, तेव्हा सोफ्याची कव्हरं, चादरी गरम पाण्यात, आणि फरशी रोज पुसून घ्या.

प्रश्न: आमच्या लॅब्रेडॉर कुत्र्याला टिक फिव्हर निघाला. आम्हाला होईल? – इंदिरानगर

उत्तर: लॅब्रेडॉरकडून थेट नाही होत. तो गोचिडातून पसरतो, त्यामुळे गोचीड बोटानं चिरडू नका, चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. नुसतं कुत्र्यावर औषध मारून भागत नाही, भिंतीच्या फटीत आणि त्याच्या गादीखाली बघा, अंडी तिथं असतात. आणि पावसाळ्यात गोदाकाठी फिरवत असाल तर साचलेल्या पाण्यात त्याला पिऊ-लोळू देऊ नका. तिथं लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका असतो, उंदरांच्या लघवीतून येतो आणि हा मात्र कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. त्याची लेप्टोची वार्षिक लस चुकलीय का, फाइल काढून बघा.