धडक वैध की अवैध? आइस हॉकीतल्या ‘बॉडी चेक’विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्कॉट स्टीव्हन्सने २००० साली एरिक लिंड्रॉसला दिलेल्या धडकेची चित्रफीत आमच्या मित्रांच्या ग्रुपवर फिरते आहे. निम्मे म्हणतात धडक चोख होती, निम्मे म्हणतात उघड उघड फाउल. रेफरीने तर पेनल्टीच दिली नव्हती. खरं कोणाचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही गट वेगवेगळ्या काळाचं नियमपुस्तक हातात घेऊन भांडताहेत.

आधी दोन शब्द : पक म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, बॉडी चेक म्हणजे ती ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देऊन रोखणं, आणि पेनल्टी म्हणजे चूक करणाऱ्याला काही मिनिटं बाहेर बसवणं. आता प्रसंग पाहू. २६ मे २०००, फिलाडेल्फिया. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ईस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. यजमान फ्लायर्सचा लिंड्रॉस कंकशनमुळे (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेमुळे) बाहेर होता, तो आदल्याच सामन्यात परतला होता. पहिल्या सत्रात तो पक घेऊन न्यू जर्सी डेव्हिल्सच्या ब्लू लाइनवरून, म्हणजे त्यांच्या हद्दीच्या रेषेवरून, आत शिरला तेव्हा मान खाली होती, नजर पकवर होती. पुढ्यात स्टीव्हन्स आला आणि त्याचा खांदा थेट लिंड्रॉसच्या जबड्यावर बसला. लिंड्रॉस तिथेच कोसळला. डेव्हिल्स तो सामना २-१ जिंकले, पुढे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही जिंकले, आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी स्टीव्हन्सलाच मिळाली. लिंड्रॉस पुढचा अख्खा मोसम खेळला नाही. त्याला संघाशी चाललेला वादही कारण होता.

तेव्हाचे नियम लावून बघा. पक लिंड्रॉसच्या ताब्यात होता, त्यामुळे इंटरफेरन्स (पक नसलेल्याला अडवणं) नाही. स्टीव्हन्सचं कोपर अंगाशी होतं, म्हणून एल्बोइंग नाही. उडी नव्हती, लांबून वेग घेत आल्याचंही दिसत नाही, तेव्हा चार्जिंगही बाद. आणि खांदा डोक्याला लागणं हा त्या काळी वेगळा गुन्हाच नव्हता. २००० साली ती धडक वैध होती. रेफरीचं काही चुकलं नाही.

चित्र पालटलं ते दहा वर्षांनी. ७ मार्च २०१० रोजी पिट्सबर्गच्या मॅट कूकने बोस्टनच्या मार्क सव्हार्डला नजरेआडच्या बाजूने येऊन डोक्यात खांदा मारला. सव्हार्डने फटका मारून पक सोडलेला होता. तरी सामन्यात पेनल्टी नाही, नंतर बंदीही नाही, कारण बंदी घालायला नियमच नव्हता. त्या गदारोळातून ४८वा नियम आला. सुरुवातीला तो फक्त बाजूने किंवा नजरेआडून डोक्यावर होणाऱ्या धडकेपुरता होता. २०११-१२च्या मोसमात दिशेची अट गेली. आता पाहायचं ते एवढंच : संपर्क मुख्यतः डोक्याशी झाला का, आणि तो टाळता आला असता का.

दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच गुन्हा. टाळण्याजोगं म्हणजे काय, हे ठरवायला नियमात तीन कसोट्या आहेत. धडक देणारा धडाच्या मधोमध जात होता, की चुकलेली वेळ, चुकलेला कोन किंवा विनाकारण वर-बाहेर ताणलेलं शरीर यांमुळे फक्त डोकंच मिळालं? समोरच्याची ठेवणच अशी होती का, की पूर्ण अंगाची धडक दिली तरी डोकं मध्ये आलंच असतं? आणि ऐन क्षणी त्याने डोकं किंवा अंग हलवलं का?

लिंड्रॉसने ऐन क्षणी काही हलवलं नाही. तो आधीपासूनच वाकलेला होता. हे स्टीव्हन्सच्या बाजूने जातं आणि विरुद्धही. बाजूने असं, की दुसरी कसोटी म्हणते, तू स्वतःच डोकं पुढे केलंस. विरुद्ध असं, की वाकलेला माणूस स्टीव्हन्सला दिसत होता, मार्ग निवडायला त्याच्याकडे वेळ होता. आमचा कौल विरुद्ध जातो, कारण चित्रफितीत धडकेचा सगळा भार जबडाच घेतो. छाती, खांदा, कंबर जवळजवळ कोरी राहते. धडाच्या मधोमध जाणारी धडक असती तर धड मागे फेकलं गेलं असतं. आज या धडकेवर पेनल्टी व्हायला हवी. तुमच्यातला कोणी दुसऱ्या कसोटीवर अडून बसला तर त्याचा मुद्दा पोकळ नाही. मात्र ‘मान खाली होती, मग भोगा’ एवढंच म्हणणाऱ्याने २०१० नंतरचं नियमपुस्तक उघडलेलं नाही.

प्रश्न : टीव्हीवर स्लो मोशनमध्ये प्रत्येक धडक मुद्दाम केल्यासारखी दिसते. चित्रफीत पाहण्याची योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्यांदा पूर्ण वेगात पाहा आणि त्यावरच हेतूविषयी मत बनवा. स्लो मोशनमध्ये सेकंदाचा दहावा भाग एक सेकंद होतो आणि ‘बघा, त्याला थांबायला केवढा वेळ होता’ असं वाटू लागतं. तेवढा वेळ बर्फावर कोणालाच मिळत नाही. संथ चित्र हेतूसाठी वापरायचं नाही, मोजण्यासाठी वापरायचं.

पहिलं मोजमाप पकचं. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. पक काठीवरून सुटला ती फ्रेम आणि अंगाला अंग लागलं ती फ्रेम, यांमधल्या फ्रेम मोजा. चित्रफीत सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर १५ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारा खेळाडू अर्ध्या सेकंदात चार मीटरहून थोडं जास्त अंतर कापतो. म्हणजे पक सुटला तेव्हा तो चार मीटर लांब होता. ‘मला थांबताच आलं नाही’ ही सबब दोन-चार फ्रेमच्या उशिराला चालते, पंधरा फ्रेमच्या उशिराला लंगडी पडते. पक सोडल्यावर लगेच आलेली धडक नियमात बसते. ‘लगेच’ म्हणजे किती, हा खरा वादाचा मुद्दा.

दुसरं, स्केट्स. पाय बर्फावरून कधी सुटले, धडकेआधी की धडकेनंतर? दोन जड माणसं आदळल्यावर मारणारा वर उचलला जातोच, ती उडी नव्हे. संपर्काच्या आदल्या एक-दोन फ्रेममध्येच पाय हवेत असतील तर मामला वेगळा.

तिसरं, पहिला स्पर्श कुठे झाला. इथे फसगत हमखास होते. मागून घेतलेल्या दृश्यात खांद्याच्या रेषेत डोकं येतं, म्हणून खांद्याला लागलेली धडकही डोक्याला लागल्यासारखी दिसते. दुसऱ्या कोनातलं दृश्य मिळेपर्यंत निकाल देऊ नका. डोकं झटक्याने मागे जाणं हाही पुरावा नाही. छातीवर जोरदार धडक बसली तरी मानेला हिसका बसतोच.

प्रश्न : तीन पावलं घेऊन मारलं की चार्जिंग, दोन घेतली तर चालतं, हे बरोबर का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. एनएचएलच्या ४२व्या नियमात पावलांचा आकडा नाही. कापलेल्या अंतरामुळे धडक हिंसक झाली, किंवा खेळाडू उडी मारून अंगावर गेला, तर चार्जिंग. दहा पावलं घेऊन शेवटचे काही मीटर नुसता घसरत आलेला खेळाडू सुटू शकतो, आणि दोन पावलांत उसळी घेऊन अंगावर गेलेला अडकतो. शेवटपर्यंत पाय मारत वेग वाढवत आला का, तिथे नजर ठेवा.

प्रश्न : बोर्डजवळ धडक बसायच्या ऐन वेळी समोरच्याने पाठ फिरवली, तर दोष कोणाचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक वेळा मारणाऱ्याचा, पण नेहमीच नाही. रिंकभोवती साधारण साडेतीन फूट उंचीचे बोर्ड असतात, वर काच. बोर्डला खेटून असलेल्या खेळाडूला धडक बसली तर बोर्डच झटका वाटून घेतो. आवाज मोठा होतो, इजा कमी. घात होतो तो बोर्डपासून तीन-चार फूट अंतरावर. तिथे ढकललेला माणूस तोल जाऊन डोक्यावर बोर्डात आपटतो, हात पुढे करायलाही उसंत मिळत नाही.

बोर्डिंगचा (समोरच्याला बोर्डवर जोरात आपटण्याचा) ४१वा नियम जबाबदारी मारणाऱ्यावर टाकतो. समोरचा बेसावध आहे की नाही हे त्याने पाहायचं, आणि असेल तर धडक टाळायची किंवा तिचा जोर कमी करायचा. त्याच नियमात रेफरीला हेही तपासायला सांगितलं आहे, की समोरचा अगदी आयत्या वेळी वळला का. पाठीवरचा आकडा किती आधी दिसू लागला ते पाहा. मारणाऱ्याने झेप घेण्यापूर्वी दिसत असेल तर त्याला सुटका नाही. झेप घेतल्यावर, संपर्काच्या क्षणी दिसला असेल तर शंकेचा फायदा त्याला द्यावा.

पाठ दाखवून पेनल्टी मिळवणारे महाभागही आहेत. दोन मिनिटांच्या फायद्यासाठी मान पणाला लावणारा हा शहाणपणा.

प्रश्न : दुखापत झाली की मोठी शिक्षा, नाही झाली तर किरकोळ. हा न्याय झाला का?
— एक वाचक, औरंगाबाद

उत्तर : गुन्हा ठरवताना दुखापत पाहायची नाही, शिक्षेचं माप ठरवताना पाहायची. गफलत होते ती या दोन पायऱ्या एक केल्यामुळे. ८ मार्च २०११ रोजी माँट्रियलमध्ये बोस्टनच्या झ्डेनो चाराने मॅक्स पॅचोरेटीला बोर्डच्या कडेने ढकललं. नेमका तिथे खेळाडूंच्या बाकाजवळ काच संपते तो खांब होता. पॅचोरेटीचं डोकं त्यावर आदळलं. मानेचा मणका मोडला, तीव्र कंकशन झालं. चाराला इंटरफेरन्ससाठी पाच मिनिटांची मेजर पेनल्टी मिळाली आणि सामन्याबाहेर काढलं गेलं, पण पुढे बंदी घातली नाही. शहर खवळलं. आमच्या मते निर्णय टिकणारा होता. तशी ढकलाढकल दर सामन्यात होते, इथे घात खांबाने केला. लीगनेही इलाज तिथेच केला : पुढच्या मोसमापासून बाकाच्या टोकांना वळणदार काच आली.

याच्या उलट १७ एप्रिल २०१२ची राफी टॉरेसने मॅरियन होसाला दिलेली धडक. सामन्यात एकही पेनल्टी नाही, पण नंतर लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागाने २५ सामन्यांची बंदी घातली, जी अपिलात २१वर आली. एकाच धडकेत पाय बर्फावरून सुटलेले, पक होसाकडून गेलेला, आणि मार डोक्यावर : चार्जिंग, इंटरफेरन्स आणि ४८वा नियम, तिन्ही मोडले. होसाला स्ट्रेचरवरून नेलं आणि टॉरेसचा पूर्वेतिहास मोठा होता, म्हणून आकडा फुगला. होसा उठून खेळायला लागला असता तरी गुन्हे तीनच राहिले असते, बंदी कदाचित कमी झाली असती.

हा विभाग २०११ साली ब्रेंडन शॅनहॅनच्या हाताखाली सुरू झाला. पाच सामन्यांपर्यंतची बंदी फोनवरच्या सुनावणीत देता येते. त्याहून मोठी द्यायची शक्यता असेल तर खेळाडूला प्रत्यक्ष सुनावणी देऊ करावी लागते. सुनावणी कोणती ठरली यावरूनच अंदाज येतो.

प्रश्न : मुलगा यंदा चेकिंग असलेल्या गटात जाणार आहे. घाबरलाय तो, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. तयारी कशी करून घ्यावी?
— एक पालक, मिसिसॉगा (कॅनडा)

उत्तर : हॉकी कॅनडाने २०१३मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातलं बॉडी चेकिंग बंद केलं. आता ते त्याच्या वरच्या गटापासून, तेही ठरावीक स्पर्धात्मक स्तरांवर. हौशी लीगमध्ये त्याच वयाला चेकिंग नसलेले संघही मिळतात. भीती जात नसेल तर तो पर्याय कमीपणाचा नाही.

मारण्याआधी मार घेणं शिकवा. बोर्डकडे पक आणायला जाताना नाकासमोर सरळ न जाता तिरकं जायचं. पक हाती येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकायची. पोहोचल्यावर गुडघे वाकवून बोर्डला अंग लावायचं. दोन-तीन फूट लांब थांबणं सगळ्यात वाईट. आणि बोर्डवर डोकं आपटणारच असं वाटलं तर मान खाली घालायची नाही, वर उचलायची. हनुवटी छातीला टेकवून टाळूवर आदळलं की झटका सरळ मानेच्या मणक्यांत उतरतो.

धडक देताना क्रम असा : तिरक्या मार्गाने समोरच्याला बोर्डकडे वळवायचं, आधी काठी पकवर आणायची, शेवटची दोन पावलं पाय न मारता घसरायचं, मग खांद्याला खांदा, कमरेला कमर. कोपरं खाली. नवशिक्या मुलांचा हमखास दोष म्हणजे आदळताना सरळ उभं होणं. गुडघे सरळ झाले की खांदा आपसूक वीतभर वर जातो आणि छातीवरची धडक हनुवटीवर बसते. त्या वयात उंचीतच फूटभर फरक असतो, त्यामुळे उंच मुलाने तर अधिकच खाली बसायला हवं.

हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूचं हलणं थांबवत नाही. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळलेला वाटला, मळमळ किंवा डोकेदुखी म्हणाला, तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर नाही. कोच काही म्हणो.

प्रश्न : आपल्या मैदानी हॉकीत अशी धडक चालते का? शाळेच्या सामन्यांत पोरं हल्ली सर्रास अंग घालतात.
— एक क्रीडाशिक्षक, नागपूर

उत्तर : अजिबात नाही. एफआयएच या आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला, त्याच्या काठीला किंवा कपड्यांना स्पर्श करून अडथळा आणणं हेच फाउल आहे. अंगाला अंग न लागता चेंडू खेळता येईल अशा जागी असाल तरच टॅकल करायचा. साध्या चुकीला फ्री हिट. डीमध्ये बचाव करणाऱ्याकडून झाली तर किमान पेनल्टी कॉर्नर. वारंवार किंवा जाणूनबुजून झाली तर हिरवं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं, म्हणजे निदान पाच मिनिटं. लाल, म्हणजे सामना संपला. पोरं बहुतेकदा चेंडूच्या रेषेत पाय नेण्याऐवजी खांदा नेतात. टॅकलचा सराव काठी जमिनीलगत ठेवून, हातभर अंतर राखून, समोरच्याच्या काठीच्या बाजूने घ्या.