भिंत आधी कोरडी होऊ द्या

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात एका जुन्या दुमजली वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. तळमजल्यावर शस्त्रं आणि नाणी, माडीवर पोथ्या, पैठण्या, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली. काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि चौकात पेव्हर ब्लॉक बसवले. आता आतल्या भिंतींना लोणा लागलाय, ओल खांद्यापर्यंत चढलीय. ठेकेदार म्हणतो, आतूनही सिमेंट करा आणि वर वॉटरप्रूफ रंग द्या. एक देणगीदार एसी द्यायला तयार आहेत. वर्गणी साडेचार लाख जमलीय. आधी कशाला हात घालावा?
— एक विश्वस्त, सातारा जिल्हा

उत्तर : सस्नेह नमस्कार. ठेकेदाराला तूर्त थांबवा. एसीही घेऊ नका, त्याचं कारण पुढे सांगते.

तुमच्या भागातले वाडे मी पुष्कळ पाहिलेत. जोतं घडीव दगडाचं, त्यावर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि चुन्याचा गिलावा. जमिनीतून थोडं पाणी या भिंतींत नेहमीच चढतं, पण चुना सच्छिद्र असल्यामुळे ते वाळून बाहेरही पडतं. बाहेरून सिमेंट लावून तुम्ही ती वाट बुजवलीत. पाणी दुसरी वाट शोधत आत वळलं आणि येताना क्षार घेऊन आलं. पाणी उडून जातं, क्षार स्फटिक होऊन तिथेच फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. तुम्हाला दिसणारा लोणा तो हाच. आतूनही सिमेंट केलंत तर ओल आणखी वर चढेल, आणि वर तर माडीच्या तुळयांची तोंडं भिंतीत बसलेली आहेत. सागवानी तुळई कितीही दणकट असली तरी तिचं भिंतीतलं टोक सतत ओलं राहिलं की कुजतं आणि वाळवीला आयतं घर मिळतं. मला खरी काळजी त्या टोकांची आहे. भिंतीचा रंग नंतर पाहू.

म्हणून आधी पाण्याचा बंदोबस्त. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन कौलांखाली, पोटमाळ्यावर जा आणि कुठे गळतं तिथे खडूने खूण करा. उन्हाळ्यात ती जागा कुणालाच सापडत नाही. फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा, त्यांचं पाणी भिंतीपासून दूर नेऊन सोडा. चौकातले पेव्हर ब्लॉक काढा. ते ऐकायला कुणाला आवडणार नाही, नुकताच खर्च केलाय, हे मला कळतं. पण चौकातल्या मातीत मुरणारं आणि तिथूनच उडून जाणारं पाणी ब्लॉकखाली कोंडलं की शेजारच्या जोत्याकडे सरकतं. समोरच्या रस्त्यावर दरवेळी नवा थर पडून तो जोत्याच्या वर आला असेल, तर नगरपंचायतीला लेखी कळवून भिंतीलगत चर काढून घ्या. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर नुसता उपटू नका. बुंधा कापा, कापल्या जागी मूळ मारायचं औषध लावा आणि मूळ मेल्यावरच ती फट चुन्याने भरा.

मग सिमेंट उतरवा. छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने; ब्रेकर मशीन वाड्याजवळ आणू देऊ नका. उघडी भिंत किमान एक हिवाळा आणि एक उन्हाळा वाळू द्या. या काळात ती कुरूप दिसते आणि गावात लोक विचारतात, काम अडलं का? काम चालूच असतं. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, पाण्याने धुतलेत तर ते पुन्हा आत जातील. त्यानंतर चुना. चांगला विरवलेला, काही आठवडे पाण्याखाली मुरलेला चुना, क्षार नसलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालणारे जुने गवंडी अजून भेटतात. असा माणूस मिळाला तर त्याच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं जरूर द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे तो मेच्या उन्हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर सुरुवात करा आणि ओली पोती टांगून दमट ठेवा. वर रंग द्यायचा तो चुन्याचाच.

आता एसी. तुमच्याकडे तो सकाळी लागणार आणि संध्याकाळी बंद होणार. पोथीच्या कागदाला आणि पैठणीच्या रेशमाला रोजची ही चढउतार बाधते. जाड भिंतींच्या वाड्यात हवामान सावकाश बदलतं, वस्तूंना तेच मानवतं. खिडक्यांना जाड पडदे लावा, पोथ्यांवरचा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. फायलींची जड कपाटं माडीच्या मधोमध नकोत. तिथला कडीपाट, म्हणजे तुळयांवरची लाकडी जमीन, माणसांच्या वावरासाठी होता, कागदाच्या गठ्ठ्यांसाठी नव्हे.

एसी नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते सांगताना अजून वाईट वाटतं. रिओ द जानेरोतलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं. संस्था दोनशे वर्षांची, इमारत जुना राजवाडा, संग्रह सुमारे दोन कोटी वस्तूंचा. सभागृहातल्या एसीपासून आग सुरू झाली, असं तपासात निघालं. आग विझवण्यासाठी बसवलेल्या जवळच्या नळांना (हायड्रंट) पाणीही नव्हतं. तुमच्या वाड्यातलं वायरिंग आणि विजेचा भार परवानाधारक माणसाकडून तपासून घेणं, संध्याकाळी मेन स्विच बंद करणं आणि अग्निशामक सिलिंडर वेळेवर भरणं, यासाठी साडेचार लाखांतला वाटा आधी बाजूला काढा. उरलेले कौलं आणि पन्हळींना. भिंतींचं काम पुढच्या वर्षावर गेलं तरी चालेल.

पैशाविषयी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि पुढे अक्षरशः झिजत गेलं. २००३ साली मुंबई महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला, काम नीट झालं आणि २००५ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तुमचा आवाका लहान आहे, पण रीत तीच वापरता येते : जागेचा मालक, जाणकार आणि पैसा देणारा अशा तिघांचा लेखी करार. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या समाजकार्याच्या खर्चाच्या, यादीत आहे. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे फोटो, नकाशा आणि टप्प्याटप्प्याचं अंदाजपत्रक घेऊन जा. एसी देणाऱ्या देणगीदारांना मात्र मोकळ्या हाताने परत पाठवू नका. माडीवरच्या काचेच्या कपाटांना किंवा वायरिंगला त्यांचं नाव आनंदाने द्या.

प्रश्न : आमच्या संग्रहालयातल्या कोरीव सागवानी खांबांवर ऑइलपेंटचे थर आहेत. पॉलिश पेपरने घासून काढू का?
— वाचक, नाशिक

उत्तर : नको. पॉलिश पेपर रंगाबरोबर नक्षीची धारही खातो. ब्लो टॉर्चही नको, लाकूड करपतं आणि जुन्या रंगात शिसं असेल तर धूर विषारी. पेंट रिमूव्हर, मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी एवढं पुरतं. मास्क, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि आधी मागच्या बाजूला वीतभर करून बघा. खाली मूळचं जुनं रंगकाम दिसलं, तर तिथेच थांबून फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. साधं लाकूड निघालं तर स्वच्छ पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेका.