गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांखेरीज आणखी कोण आहे? मुसलमान संतांची वाणीही आहे का?

तुम्ही विचारलंय, नामदेव शिखांच्या ग्रंथात आहेत हे ठाऊक आहे, पण मुसलमान संतही आहेत म्हणतात ते खरं का, आणि ते केवळ शोभेपुरते आहेत का?

खरं आहे, आणि शोभेपुरते मुळीच नाहीत. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा गुरूंच्या वाणीसोबत पंधरा भगतांची, म्हणजे संतांची, वाणी घेतली. शेख फरीद हे पाकपट्टणचे चिश्ती सूफी. कबीर काशीच्या मुसलमान विणकराच्या घरात वाढलेले. रविदास चांभार, सैन न्हावी, सधना कसाई, धन्ना जाट, आणि रामानंद, जयदेव यांच्यासारखे ब्राह्मणसुद्धा. सत्ता आणि बलवंड हे गुरूंच्या दरबारातले मुसलमान रबाबी, म्हणजे रबाब वाजवून गाणारे, या पंधरांत धरत नाहीत, पण त्यांची 'वार', म्हणजे स्तुतीचं दीर्घ गीत, रामकली रागात आहे. नामदेवांची ६१ पदं आहेत. ते आपले मराठी अभंग नव्हेत. भाषा उत्तरेकडची, मधूनच मराठी वळण डोकावतं.

मला सगळ्यात जास्त भावतं ते वेगळंच. या ग्रंथात संत एकमेकांशी बोलतात, चक्क हुज्जत घालतात. फरीद म्हणतात, देह तंदुरासारखा तापू दे, हाडं सरपणासारखी जळू देत. पाय थकले तर डोक्यावर चालत जाईन, पण प्रियकर भेटावा. लगेच पुढच्या श्लोकात उत्तर येतं, आणि ते गुरू नानकांचं आहे: कशाला देह तापवतोस? डोक्या-पायांनी तुझं काय घोडं मारलंय? तो आत आहे, तिथे बघ. फरीदांचा श्लोक गाळून टाकणं सोपं होतं. तो ठेवला, आणि उत्तरही शेजारीच ठेवलं. ज्याला नुसतं गोड बोलून बाजूला बसवायचंय, त्याच्याशी कुणी इतकं मनापासून भांडत नाही.

आपल्या नामदेवांवरही अशीच वेळ येते, तीही कबीरांच्या श्लोकांत. त्या पंधरांतलेच दुसरे भगत त्रिलोचन टोमणा मारतात, अरे नाम्या, मायेत गुंतलास, कापडावर छापे कसले मारत बसलायस, रामात चित्त लाव की! नामदेव म्हणतात, मुखी राम असू दे, हातापायांनी कामं करावीत, चित्त निरंजनापाशी ठेवावं.

निवड मात्र डोळसपणे झालेली आहे, सरसकट नाही. कल निर्गुणाकडे. 'हिंदू पूजै देहुरा, मुसलमाणु मसीति', पण नामा त्यालाच भजतो जिथे देऊळही नाही अन् मशीदही नाही, हे नामदेवांचं पद तिथे अगदी घरचं वाटतं. 'ईभै बीठलु ऊभै बीठलु', इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, म्हणणारा नामा आहे, पण तो विठ्ठल विटेवर नाही, चराचरात आहे. आणि तरी एका पदात घोंगडी पांघरलेला कृष्णही सापडतोच, त्यामुळे फार काटेकोर नियम शोधत बसू नका.

या सगळ्यांसाठी मागे परिशिष्ट जोडलेलं नाही. बहुतेक वाणी रागांनुसार लावलेली आहे. त्या त्या रागात आधी गुरू, मग भगत. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं, त्यामुळे गुरुद्वारात माथा टेकणारा शीख फरीदांच्या आणि रविदासांच्या वाणीपुढेही माथा टेकत असतो.

वाचायला सुरुवात करायची असेल तर १३७७ व्या पानापासूनचे फरीदांचे श्लोक घ्या. देवनागरी पाठ हिंदी अर्थासकट मिळतो. श्लोकांच्या डोक्यावर 'महला' आणि आकडा दिसला की समजा, तिथे गुरू मध्ये बोललेत.