साडी घालत नाहीत. आणि मग ‘नेसलो’ की ‘नेसले’?

प्रश्न असा आला आहे: “मी 36 वर्षांचा पुरुष. गेली 2 वर्षं घरच्या घरी साडी घालून सराव करतोय. सुरुवातीला दारापर्यंत जाईतो निऱ्या हातात यायच्या, आता 15 मिनिटांत नीट जमतं. पुढच्या महिन्यात मित्रमंडळींच्या घरगुती कार्यक्रमाला पहिल्यांदाच साडीत जाणार आहे. तिथे ओळख करून देताना ‘क्रॉसड्रेसर’ला मराठीत काय म्हणू?”

त्या शब्दाचं नंतर पाहू. आधी ते ‘साडी घालून’ दुरुस्त करा. तुमचा एकट्याचा दोष नाही. मालिकांतल्या सासवा साडी घालतात, दुकानांच्या जाहिरातींतल्या नवऱ्या साडी घालतात आणि परवा एका लग्नात खुद्द गुरुजींनी नवऱ्या मुलाला ‘सोवळं घालून या’ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. हिंदीच्या ‘पहनना’ला सगळं चालतं म्हणून मराठीनेही एकाच क्रियापदावर संसार करावा का? शिवलेलं ते घालायचं. न शिवलेलं, कमरेभोवती गुंडाळायचं ते नेसायचं. शाल पांघरायची, फेटा बांधायचा. (गोव्याकडचे वाचक हसतील. कोंकणीत ‘न्हेसप’ सगळ्याच कपड्यांना चालतं आणि पोशाखाला ‘न्हेसण’ म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांनी निदान शब्द तरी टाकला नाही.)

‘नेसणं’ बायकांचं, असं एका वाचकाने मागे मला ठणकावून कळवलं होतं. मग त्यांचे आजोबा धोतराचं काय करत होते? या क्रियापदाला कापडाशी कर्तव्य आहे. नेसणारा कोण, हे ते विचारत नाही.

निदान मूळ रूपात विचारत नाही. भूतकाळात मात्र विचारतं, आणि तिथेच खरी गंमत आहे. “मी साडी घातली” या वाक्यात क्रियापद साडीच्या मागे गेलं. बोलणारा बाप्या की बाई, काही कळत नाही. ‘नेसणं’ तसं वागत नाही. जुनं, चोख मराठी म्हणजे ‘ती साडी नेसली’, ‘तो धोतर नेसला’. इथे ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कापडाकडे ढुंकूनही पाहत नाही, ते नेसणाऱ्याच्याच मागे जातं. (‘तिने साडी नेसली’ आता सर्रास चालतं. चालू दे, माझ्या घरात नको.) म्हणजे तुम्हाला ‘मी साडी नेसलो’ किंवा ‘मी साडी नेसले’ यांतलं एक निवडावंच लागणार.

कर्म असूनही कर्त्यामागे जाणारी अशी क्रियापदं मराठीत मोजकीच: शिकणं, विसरणं, बोलणं, नेसणं, दागिने लेणं. मी मराठी शिकलो, ती पत्ता विसरली. शाळेतल्या व्याकरणात ही यादी ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत उरकतात. कारण ठाऊक नसलं की अपवाद म्हणायचं, ही आपल्या व्याकरणाची जुनी खोड.

माझं म्हणणं ऐका. ‘नेसणं’ आलं ‘नि + वस्’पासून. प्राकृतात ‘णिअंसण’ म्हणजे वस्त्र. वस्त्र आणि वसन याच धातूचे, लॅटिनमधला ‘वेस्टिस’ याच घराण्यातला, म्हणून इंग्रज बनियनला वेस्ट म्हणतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, हा ‘वस आच्छादने’, आणि तो आत्मनेपदी आहे: वस्ते. आता ‘शिकणं’ घ्या. ते ‘शिक्ष्’पासून, तोही आत्मनेपदी: शिक्षते. आत्मनेपद म्हणजे ढोबळमानाने ज्या क्रियेचं फळ करणाऱ्याच्याच पदरी पडतं ते. शिकलेलं शिकणाऱ्यात राहतं, नेसलेलं नेसणाऱ्याच्या अंगावर राहतं. संस्कृतातली ती आत्मनेपदी रग मराठीच्या भूतकाळात अशी शिल्लक राहिली, हे माझं मत मी गेली कित्येक वर्षं मांडतो आहे.

त्यावर माझे एक निवृत्त प्राध्यापक स्नेही दर वेळी तेच म्हणतात: ‘विसरणं’ हे विस्मरतिपासून आलं, ते तर परस्मैपदी, म्हणजे आत्मनेपदाच्या समोरच्या गटातलं, कोसळला तुमचा सिद्धांत! एका विसराळू धातूसाठी मी सिद्धांत सोडावा, ही अपेक्षा फक्त प्राध्यापकच करू शकतो. विसरल्याचा भुर्दंडही विसरणाऱ्यालाच पडतो ना?

‘शिक्ष्’चं आणखी एक सांगायलाच हवं. हा मुळात ‘शक्’चं इच्छादर्शक रूप. शिकणं म्हणजे ‘मला हे शक्य व्हावं’ अशी इच्छा धरणं. सुटलेल्या निऱ्या तिसऱ्यांदा मोजून घेणाऱ्या माणसाचं याहून नेमकं वर्णन कुठल्या कोशात सापडायचं?

आणि ‘निवसन’! संस्कृतात या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, वस्त्र आणि राहतं घर. राहण्याचा ‘वस्’ वेगळा आणि पांघरण्याचा वेगळा, हे मला माहीत आहे, पत्रं पाठवू नका. पण दोन वेगळे धातू ‘नि’ लागून एकाच उंबऱ्यावर येऊन उभे राहिले, तर कानाला ते सख्खेच वाटणार. साडी 2 वर्षांनी अंगवळणी पडते म्हणजे काय होतं? पहिले काही महिने माणूस तिला सांभाळत असतो, पायरी आली की निऱ्या मुठीत, पदर दर मिनिटाला खांद्यावर. मग कधीतरी तो तिच्यात राहायला लागतो.

असो. नेसलो की नेसले? दोन्ही शुद्ध. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यांच्या बाईपणाला कधी ओरखडा आला नाही. प्रथमपुरुषातलं लिंग बोलणाऱ्याने ठरवायचं, व्याकरणाने ते फक्त लिहून घ्यायचं. अगदीच अवघड वाटलं तर ‘आम्ही साडी नेसलो’ म्हणा. अनेकवचनात स्त्री-पुरुष एकच रूप, वर थोडा राजेशाही थाट.

हां, तुमचा शब्द. ‘वेषांतर’ नको. वेषांतर ओळखू येऊ नये म्हणून करतात, तुम्ही तर ओळख करून द्यायला निघालात. ‘बहुरूपी’ हा पोटाचा धंदा. ‘नाच्या’ तमाशातला, आणि फडाबाहेर त्याची शिवी झाली. ‘स्त्रीपार्टी’ म्हणजे नाटकात स्त्रीपार्ट करणारा. बालगंधर्वांचं (1888–1967) नेसणं पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, ही कौतुकाची गोष्ट खरी, पण ती भूमिका होती. तुम्ही कुणाची भूमिका करत नाही. ‘तृतीयपंथी’ ही निराळी ओळख आहे, वर्तमानपत्रं दोन्हींची सरमिसळ करतात म्हणून आपण करू नये. ‘स्त्रीवेषधारी’ म्हटलं की मोहिनीचा अवतार डोळ्यांसमोर येतो. तेव्हा टेबलासारखाच ‘क्रॉसड्रेसर’ही मराठीत राहू द्या, नाहीतर नाम सोडून सरळ ‘मी साडी नेसतो’ म्हणा. तीन शब्दांत काम होतं.

बाकीची क्रियापदंही जाताना सांभाळा. पदर घेतात, काजळ घालतात, टिकली लावतात, गजरा माळतात आणि बांगड्या भरतात. या शेवटच्यावरून कुणीतरी टोमणा मारेलच, ‘बांगड्या भरल्यास का?’ म्हणून. क्रियापद अचूक आहे. हो म्हणून सांगा.