मुलगा शाळेत जात नाही आणि शाळा नाव कमी करतेय: माझं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा आठवीत आहे, आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पोटात दुखतं म्हणतो आणि आता शाळा म्हणते हजेरी नाही, लिव्हिंग (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन जा नाहीतर नाव कमी करतो. आमच्या मुलीचं अगदी हेच झालेलं म्हणून लिहितेय. डॉक्टर, समजूत, ओरडा, नवस हे सगळं करून झालं असणार, त्यात जात नाही.

एकच विचारते, तो वाचतो का? घरी मोबाईलवर नव्हे, वर्गात उभा राहून इंग्लिशमधला इतिहासाचा धडा. आमची २०२०-२१ ला चौथीत होती, मराठी प्राथमिक शाळा, व्हॉट्सअ‍ॅपवर वर्कशीट यायची आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वाड्याच्या वर्कशीट आयांनीच लिहिल्या. मग पाचवी, म्हणजे आपल्याकडे गोव्यात एकदम सगळं इंग्लिश, आणि ते वर्षही जवळजवळ फोनवरच गेलं, तेही रेंज असेल तेव्हा. सगळ्यांसाठी शाळा उघडली २१ फेब्रुवारी २०२२ ला आणि जूनमध्ये ही सहावीत. शेजारणीचं बघून पान उलटायची. आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते बाकं मोजून काढायची आणि तेवढाच मैत्रिणीकडून ऐकून घोकून ठेवायची, बाईंनी मधूनच उठवलं की संपलं. दुसऱ्या दिवशी पोटात दुखणार हे ठरलेलं. आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या बाकावर बसून बघावं.

हे कळेपर्यंत शाळेने बोलणी करायला बोलावलं, तर टेबलावर लिव्हिंग तयार, कारण काय लिहिलेलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंती कसली, आम्ही तर महिनाभर द्या म्हणायला गेलेलो. दुसऱ्या शाळेने घेतली बिचारीला, पण जुन्या शाळेने यूडायसच्या, म्हणजे शाळा आणि मुलांची सरकारी नोंद असते त्या, पोर्टलवरून नाव सोडलंच नाही, त्यामुळे पोर बसते एका शाळेत आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्याच शाळेत. एका ऑफिसात (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) गेलं की 'शाळेला विचारा', शाळेत गेलं की 'ते वरून होतं', आणि साहेब नसले की 'फाल्यां यो' (उद्या ये). तिथला एसी मात्र बारा महिने चालू. यादीत नाव नाही म्हणून सहामाहीला तिला वेगळ्या खोलीत बसवलं, आधीच लपून राहायची सवय लागलेल्या मुलीला! त्यानंतर चतुर्थीपर्यंत सुधारलेली हजेरी परत गेली ती गेलीच. वाचनात जेवढी मागे पडली नसती तेवढी या कागदाने पाडली.

तर, मी वकील नाही, शिक्षिकाही नाही, तुमच्या शाळेचं प्रकरण वेगळं असू शकतं. पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तोंडी बोलूच नका. 'आम्ही दाखला मागितलेला नाही, मुलाला वाचनासाठी मदत हवी आहे' एवढं लिहून द्या आणि पोचवर शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल शिक्का साहेबांकडे आहे, तर साहेब येईपर्यंत बसा. ऐकलं नाही तर राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे याच कायद्याखाली तक्रार करता येते. शाळा बदलायचीच असेल तर आठवीपर्यंत लिव्हिंग उशिरा मिळालं म्हणून नवीन शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. फक्त जुन्या शाळेत समोर उभं राहून पोर्टलवरून नाव सोडलेलं बघा, 'होईल हो' वर उठू नका. आणि घाई करा, नववीत गेला की हा आधार सुटतो, त्यात आता सहावीपासून वरचे वर्ग एप्रिलातच सुरू होतात, जूनपर्यंत वेळ आहे असं धरून बसू नका.

वाचनाचं म्हणाल तर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण इंग्लिशची ट्युशन लगेच लावू नका. आधी मराठी सुटू दे. आमची पेपरातल्या क्रिकेटच्या बातम्या मोठ्याने वाचायला लागली, जोडाक्षरं तिथे सुटली, इंग्लिश नंतर आलं, अजूनही अडखळतेच. नववीत आहे, जाते रोज, कुरकुर करत. आणि वर्गशिक्षिकेला एकटं गाठून सांगा की काही दिवस याला अचानक वाचायला उठवू नका, आमच्या नव्या बाईंनी ते लगेच मान्य केलं.

बालरथाने (शाळेच्या बसने) जात असेल तर त्या गाडीत कोण चिडवतं तेही विचारा, आमच्याकडे निम्मं पोटदुखीचं कारण तिथे निघालं. अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, मराठीतच आहे, टाकते इथे.