मराठा आरमाराची गुराब आणि गलबत गेमच्या मॉडमध्ये कशी आणावी?

फ्रिगेटच्या, म्हणजे युरोपियनांच्या तोफांच्या लढाऊ जहाजाच्या, तुलनेत गुराबेला हल्ला, बचाव आणि चाल किती द्यावी, म्हणजे मराठ्यांची बाजू कमकुवत वाटणार नाही, असं तुम्ही विचारलंय. त्यातला ‘कमकुवत वाटणार नाही’ हा भाग आधी डोक्यातून काढा. खोल पाण्यात, समोरासमोर, गुराब फ्रिगेटपुढे कमीच पडली पाहिजे. ती कुठे भारी पडायची ते गेममध्ये उतरवणं हे खरं काम आहे, आणि तिथेच बहुतेक मॉडवाले, म्हणजे तयार गेममध्ये आपले बदल घालणारे, आळस करतात.

तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब साधारण ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० च्या आतबाहेर. रुंद बांधा, तळ उथळ, पुढे लांब निमुळती नाळ आणि त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टन, तोफा २ ते ४ पौंडी, पण ४०-५० वल्ही. वारा पडला तरी ते ताशी चार मैल जातं आणि मोठं जहाज तिथल्या तिथे डुलत राहतं. अशा वेळी गलबतं गुराबेला दोर लावून शत्रूच्या पिछाडीला ओढत न्यायची, कारण तिकडे तोफा कमी. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग चारी बाजूंनी माणसं चढवायची. युनिट करायचं ते ह्या सगळ्याचं. नुसतं चित्र बदलून खाली ‘गुराब’ लिहिलं म्हणजे गुराब होत नाही.

आम्ही हे फ्रीसिव्हवर करत होतो, म्हणजे पाळीपाळीने खेळायच्या एका फुकट गेमवर. युनिटची सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत असते, जुन्या मशीनवरही चालतं. तिथे क्लासिक नियमांत फ्रिगेटला हल्ला ४, बचाव २, चाल ४. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. तो मालवणचा, मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. नियम लिहायचे मी, नकाशा आणि चित्रं त्याची. मे महिन्यात आजोळी गेलो तेव्हा त्याने गुराबेची फाइल परस्पर बदलून ठेवली होती. हल्ला ६, बचाव ४, चाल ५. मी म्हटलं, “दादा, ही काय गुराब आहे होय? हिच्यापुढे आयर्नक्लॅडसुद्धा टिकायची नाही.” आयर्नक्लॅड म्हणजे एकोणिसाव्या शतकातली लोखंडी चिलखताची जहाजं. त्यावर तो जे बोलला ते अजून लागतं. “तू घाटी, तुका दर्यातला काय कळता?” अंगणात सगळे बसले होते, मामा-मामी हसले. माझ्या तालुक्यात समुद्र नाही, मान्य. पण मांडवी म्हणून गोव्यात पोर्तुगीजांच्या राजधानीवरून जाणारी नदी आमच्याच भीमगडच्या रानात म्हादई म्हणून उगवते. आणि जहाज ज्या सागवानाचं होतं ते घाटातच वाढतं. त्या वेळी हे सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

बेळगावला परत आल्यावर टिळकवाडीतल्या खोलीवर मी माझे आकडे घालून खांदेरीचा डाव मांडला. गुराब ३, २, ३. गलबत १, १, ४, पण किंमत गुराबेच्या एक तृतीयांश, माणसं आणि रसद वाहून नेण्याची क्षमता जास्त आणि फक्त किनाऱ्यालगत चालणारं, गेममधल्या ट्रायरिम ह्या प्राचीन वल्ह्यांच्या जहाजासारखं. शिवाय उथळ पाण्यात गुराबेचा बचाव वाढवला. इफेक्टच्या फाइलीत पाण्याच्या प्रकाराची अट घातली की ते होतं. इंग्रजांची बाजू माझ्या कर्नाटक किनाऱ्यावरच्या कुंदापूरच्या मित्राने घेतली. तो इंजिनिअरिंगला इथे होता, मराठी तोडकंमोडकं, पण असल्या खेळांत माझ्यापेक्षा हुशार. त्याने फ्रिगेटने माझी एक गुराब बुडवली, मग दुसरी. आणि तेवढ्यात गलबतं बेटावर धान्य आणि माणसं पोचवत राहिली. शेवटी वैतागून म्हणाला, “मी लढाई जिंकतोय, पण बेट पडत नाही.”

हेच १६७९ साली झालं होतं! शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधायला घेतली, मायनाक भंडारी बेटावर, दौलतखान आरमार घेऊन. १८ ऑक्टोबरला इंग्रजांची आठ जहाजं होती. त्यांतलं ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडलं, छोटी पाच पळाली आणि ‘रिव्हेंज’ एकटं लढत राहिलं. त्या एका फ्रिगेटला मराठ्यांनी बुडवलं नाही, बुडवायची गरजही नव्हती. लहान होड्या रात्री बेटावर जात राहिल्या आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा आवरता घेतला. फुगवलेल्या गुराबेने खेळलं तर ‘रिव्हेंज’ दोन फेऱ्यांत बुडतं आणि दौलतखानाची सगळी हुशारी वाया जाते. ते ‘डव्ह’सुद्धा गुराबच होतं, बरं का. इंग्रजांच्या आरमारातही गुराबा आणि गलबतं होती. तेव्हा हे युनिट फक्त मराठ्यांना राखून ठेवू नका.

त्या मित्रानेच नकाशा दक्षिणेकडे वाढवायला लावला. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून समुद्रमार्गे ज्या बसरूरवर गेले, ते त्याच्या कुंदापूरच्या शेजारी. तुमचा नकाशा गोव्याशी संपत असेल तर तो अपुरा आहे, एवढंच सांगतो.

दादाशी खरं फाटलं ते विजयदुर्गावरून. १७५६ चा डाव मला हवा होता. फेब्रुवारीत इंग्रज ॲडमिरल वॉटसनची ६०-७० तोफांची जहाजं खाडीत शिरली. वरून पेशवे त्या वेळी तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात, इंग्रजांच्या बाजूला. तुळाजींचं आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवलेलं होतं. त्यात ‘रेस्टोरेशन’ होतं, आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं. त्यावर तोफगोळा पडला, आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. दादा म्हणाला, हरलेली लढाई कशाला घालायची, आणि घालायचीच तर जिंकता येईल अशी कर. मी नाही म्हटलं. मॉड दोन झाले. त्याच्यात विजयदुर्ग नाही. त्याचा जास्त लोकांनी खेळला, तरी माझं मत तेच आहे. खांदेरीला जिंकणारी आणि विजयदुर्गाला जळणारी गुराब एकाच आकड्यांची असली पाहिजे. तिचं बळ मोकळ्या उथळ पाण्यात, वल्ह्यांच्या गलबतांसोबत. खाडीत दाटीने बांधून ठेवली तर ते बळ कुठून येणार? दोन्ही डाव एकाच फाइलीवर खरे निघत असतील तर तुमचं युनिट जमलं. नाही तर आकडे पुन्हा बसवा.

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात. शहापूरला एका पोराने टबात पाणी घालून सिंधुदुर्ग केला होता, भोवती कागदी होड्या. त्या होड्या त्याने किल्ल्याच्या मागे, खडकांच्या आड लावल्या होत्या. सातवी-आठवीतल्या पोराला कळतं ते आमच्या दादाला कळत नाही.

आता थोडं सांभाळून. वर दिलेले टन आणि तोफा अठराव्या शतकातल्या, आंग्र्यांच्या काळच्या जहाजांच्या आहेत. तुमचा गेम १६५०-८० मध्ये असेल तर मोठी तीन डोलकाठ्यांची गुराब सुरुवातीला देऊ नका, नंतरच्या शोधाला जोडा. माझे आकडेही फ्रीसिव्हचेच. तुम्ही एम्पायर टोटल वॉरसारख्या गेमवर करत असाल, जिथे लढाई डोळ्यांसमोर चालते, तर आकड्यांपेक्षा तोफांची दिशा आणि वल्ही आधी बघा. नाळेच्या तोफा समोर, बाजूला कमी, आणि वाऱ्याविना चाल. फ्रीसिव्हच्या क्लासिक नियमांत एक फेरी म्हणजे निदान एक वर्ष, त्यामुळे तिथे पावसाळा आणता येत नाही. तुमच्या गेममध्ये ऋतू असतील तर ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत उघड्या समुद्रावर असलेल्या प्रत्येक जहाजाचं नुकसान करा, फ्रिगेट असो की गुराब. गलबत मात्र खाडीत ओढून घेतलं असेल तर त्याला काही होऊ देऊ नका.