चॅन्सेल म्हणजे गाभारा नव्हे

प्रश्न असा: इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चवर लिहिताना 'नेव्ह'ला (गावकरी जमतात तो मोठा भाग) सभामंडप आणि 'चॅन्सेल'ला (पूर्वेकडचा, वेदीचा आणि पाद्र्यांचा भाग) गाभारा म्हणावं का?

सभामंडप चालेल. गाभारा नको, प्रवासलेखांतून तो वाचून कंटाळा आला आहे. गाभारा म्हणजे गर्भागार: अंधारा, एकदारी, मूर्तीपुरता. चॅन्सेलला पूर्वेकडे मोठी खिडकी असते, दक्षिणेला बहुधा पाद्र्याचं वेगळं दार, भिंतीत बसायचे कोनाडे, शिवाय वेदीवरची पात्रं धुतलेलं पाणी जमिनीत मुरावं म्हणून छोटं कुंड. हेरफर्डशरमधल्या किल्पेकला (सुमारे 1140) नेव्ह, चॅन्सेल आणि शेवटचा अर्धगोल ॲप्स एका ओळीत आहेत. गाभारा शोधायचाच असेल तर त्या ॲप्समध्ये शोधा.

शब्द आला लॅटिन 'कॅन्सेली'वरून. कॅन्सेली म्हणजे पट्ट्यांची जाळी. जाळीपलीकडची जागा ती चॅन्सेल. न्यायालयाच्या जाळीपाशी उभा राहणारा साधा सेवक 'कॅन्सेलारियस'. बढती मिळत मिळत तो चान्सलर झाला, आणि आपल्याकडे विद्यापीठांचा कुलपती! मजकुरावर जाळीसारख्या रेघा मारून तो रद्द करायचा ते 'कॅन्सल'. एसटीचं तिकीट कॅन्सल करणारा आणि पदवीदान करणारा एकाच जाळीचे. जर्मनमध्ये तर चर्चमधल्या प्रवचनपीठालाच 'कान्झेल' म्हणतात. यात लॅटिनमधला खेकड्याचा 'कॅन्सर' घुसडणाऱ्यांनी कोश नीट उघडावा. जाळीचा 'कॅन्सर' वेगळा.

ही जाळी नुसती व्युत्पत्तीपुरती नाही. नॉरफोकमधल्या रॅनवर्थला नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधला, पंधराव्या शतकातला रंगवलेला लाकडी आडोसा अजून उभा आहे. 1561 च्या राजाज्ञेने अशा आडोशांवरचे सज्जे उतरवायला लावले, आडोसे मात्र राखायला सांगितले. खर्चाची वाटणीही तिथेच होई: चॅन्सेलची डागडुजी रेक्टरकडे (चर्चच्या उत्पन्नाचा धनी), नेव्हची गावकऱ्यांकडे. म्हणून एकाच चर्चमध्ये चॅन्सेल एका शतकातलं आणि नेव्ह दुसऱ्याच शतकातला, असं सर्रास दिसतं. पुष्कळ ठिकाणी रेक्टर म्हणजे एखादा मठच असे; मठ बरखास्त झाल्यावर त्यांच्या जमिनींबरोबर ही जबाबदारी खासगी मालकांकडे गेली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलोच्या चॅन्सेलच्या डागडुजीचं बिल 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) तिथल्या अशाच एका शेताच्या मालकांवर कायम केलं.

हां, नेव्ह. तो ग्रीक 'नाओस'वरून (देऊळ) आणणाऱ्यांनी फ्रेंच 'नेफ' आणि जर्मन 'शिफ' पाहावं. दोन्हींचा अर्थ जहाज. मूळ लॅटिन 'नाविस', आणि आपली 'नाव' तिचीच चुलतबहीण.